न ऐकलेला सांगावा

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी कौशल्याशी वाद घालायची छाती त्या घरात कुणाची नव्हती. पहाटे डोक्यावरून गार पाणी घेऊन, सोवळ्याचं लुगडं नेसून ती चुलीपुढं बसली की तिचा नवरा त्रिंबकराव, जो एरवी अख्ख्या तलवाड्याला पाटीलकीच्या आवाजात दरडावायचा, तोही ओसरीच्या टोकाला जाऊन मुकाट बसायचा. स्वयंपाकघरात कुणी पाय टाकायचा नाही, कुणी शिवायचं नाही, लेकरांनी पुरणाचा वास घ्यायचा तोही लांबून. देवीच्या आधी कुणी बोटभर पुरण चाटलं तर कौशल्या काय करील, हे अजून कुणी पाहिलं नव्हतं, कारण तेवढी हिंमतच कुणी केली नव्हती.

आदल्या दिवशी लक्ष्म्या घरात आल्या होत्या. माजघरात थोरली आणि धाकटी शेजारीशेजारी उभ्या होत्या. त्यांची धडं, म्हणजे कोठ्या, कौशल्यानं स्वतःच्या हातानं घडवलेल्या. श्रावणातल्या उघडिपीत माती, शेण आणि भुसा कालवून ती त्या थरावर थर चढवून उभ्या करायची आणि वरून पांढऱ्या मातीचा हात फिरवायची. आत एकीत गहू, एकीत ज्वारी भरलेली. वर पितळेचे मुखवटे, पुढ्यात त्यांची दोन बाळं, डोक्यावर करंज्या-साटोऱ्यांचा फुलोरा टांगलेला. सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त धाकटीच्या लुगड्याच्या निऱ्या काही केल्या सरळ बसत नव्हत्या. लुगडी नेसवायचं काम वच्छीचं होतं.

वच्छी म्हणजे वच्छला, धाकटी जाऊ चंद्रभागा हिची लेक. चंद्रभागा तेव्हा लागोपाठच्या बाळंतपणांनी आजारलेली, म्हणून पोर वाढली ती कौशल्याच्याच मांडीवर. निरी कशी धरायची, टाचणीऐवजी बाभळीचा काटा कुठं खोचायचा, हे कौशल्यानं तिला शिकवलं आणि पुढं पोरीनं गुरूलाही मागं टाकलं. आता ती चकलांब्याला नांदत होती. तिच्या सासरीही लक्ष्म्या असायच्या, त्यामुळं सणाला माहेरी येणं कायमचंच तुटलं होतं. जावा-जावांचं फारसं कधी पटलं नाही, पण वच्छीवरून मात्र त्या दोघी कधी भांडल्या नव्हत्या.

चंद्रभागा पाट्यावर पुरण वाटत होती. तिच्या हातचं सूत सगळ्या आळीत नावाजलेलं. महालक्ष्मीचे सोळा पदरी दोरे तिनंच कातलेले असायचे. हळदीत बुडवून ते देवीपुढं ठेवायचे, तिसऱ्या दिवशी त्यांना सोळा गाठी मारायच्या आणि घरच्या बायकांनी गळ्यात बांधायचे. त्या वर्षीही दरवर्षीसारखा एक दोरा जास्तीचा होता.

"आक्का, चकलांब्याच्या अंगाला कुणी जानार आसंल तर ध्यान ठिवा," ती म्हणाली. "वच्छीचा दोरा धाडायचाय."

"जाईल की कुनीतरी दसऱ्याच्या आत," कौशल्या म्हणाली आणि गोवऱ्या आणायला परसात गेली.

घरात दुसरी चार माणसं असताना ती स्वतः गेली, कारण सोवळ्यातल्या चुलीला दुसऱ्याच्या हातची गोवरी तिला चालत नसे. तिच्या या कडकपणावर सारा गोतावळा मागून हसायचा. पण त्यामागं काय होतं ते तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मागच्या एका वर्षी लक्ष्म्या बसल्या आणि त्याच दिवशी सासऱ्यानं प्राण सोडला. घरात सुतक शिरलं. पुरण शिजायच्या आतच देवींच्या तोंडावर फडकं टाकून त्यांना उठवावं लागलं, उपाशी. मार्गशीर्षात तिचा थोरला, आश्रुबा, ताप येऊन तिसऱ्या दिवशी गेला. लोकांनी वातावरणाला दोष दिला, हकिमाच्या औषधाला दिला. कौशल्याला ठाऊक होतं की उपाशी गेलेल्यांनी आपला घास नेला. आणि आता धाकट्या लेकाची बायको छबू पहिलटकरीण होती, दिवस भरत आलेले. या वर्षी देवी जेवून जायला हव्या होत्या, एवढं एकच मागणं तिचं होतं.

गोवऱ्यांच्या हुडव्यामागून ती वळली तेव्हा काटेरी कुंपणापलीकडं तिला माणूस उभा दिसला. तो म्हाळू होता, वच्छीच्या सासरचा गडी. दर दिवाळीला भाऊबीजेचं बोलावणं घेऊन तोच यायचा, कुंपणाबाहेरूनच मोठ्यानं रामराम घालायचा आणि आत येऊन पायरीवर ऐसपैस बसायचा. आज त्यानं रामराम घातला नाही. तो आत आला नाही. त्याच्या डोक्यावर मुंडासं नव्हतं.

उघड्या डोक्यानं आलेला, उंबऱ्याबाहेर उभा राहिलेला माणूस काय घेऊन येतो हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही कळतं. आठवड्याच्या बाजारात पटकीची, ढाळ-उलट्यांच्या साथीची, कुजबुज होतीच. इंग्रजी हद्दीकडून ती सरकत आली होती आणि चकलांबा त्याच अंगाला. पुरुषांनी ते बायकांच्या कानावर घातलं नव्हतं, पण त्रिंबकराव झोपेतसुद्धा बोलायचा, त्यामुळं कौशल्याला माहीत होतं. तिच्या हातातल्या गोवऱ्या खाली पडल्या.

"पानी देऊ का रं, म्हाळू?" तिनं विचारलं. तिला अजून आशा होती. वाईट सांगावा आणणारा सांगून झाल्याशिवाय पाणी घेत नाही.

"पानी नगं, मालकीनबाई," म्हाळू म्हणाला. "वच्छलाताई..."

तिनं हात वर केला. "बोलू नको. एक अक्षर काढू नको तोंडातून. तुला तुझ्या देवाची आन हाय."

"पन बाई, लई घाईचं..."

"आता घाई कशाची रं बाबा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "तितंच थांब. मालकाला धाडते."

सुतक लागतं ते माणूस गेल्यानं नाही, कानावर आल्यानं. मैलोगणती लांब कुणी गेलं आणि महिन्यानं कळलं, तर त्या दिवसापासून मोजायचं. कळेपर्यंत घर शुद्ध. एवढं शास्त्र कौशल्याला पक्कं माहीत होतं आणि त्या क्षणी तिनं ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं. ती परतली तेव्हा तिला रडू येत होतं आणि रडता येत नव्हतं, कारण रडणं म्हणजे कळल्याची कबुली झाली असती. वच्छी लहान असताना कौशल्याच्या पदराचं टोक तोंडात धरून झोपायची. ते तिला आठवलं आणि तिनं ते तिथंच परसात सोडलं.

ओसरीच्या कोपऱ्यापाशी लांब उभी राहून तिनं त्रिंबकरावाला सांगितलं.

"काई बोलला का त्यो?"

"न्हाई. बोलू दिलं न्हाई."

"मंग आपुन काई ऐकलेलं न्हाई," तो म्हणाला. तहसिलीच्या कचेरीत साक्षी-पुराव्याला जाऊन जाऊन त्याला ती सवय लागली होती. जे कुणी ऐकलं नाही ते घडलं नाही. तो उठला, परसदारात गेला आणि कुंपणापलीकडच्या म्हाळूशी लांबूनच बोलला. थोड्या वेळानं म्हाळू लंगडत मळ्यातल्या आखाड्याकडं, गड्यांच्या खोपीकडं, जाताना दिसला, सोबत घरचा एक गडी.

सुंदररावाला मात्र अंधारात ठेवता येईना. तो धाकटा भाऊ, वच्छीचा बाप. त्रिंबकरावानं त्याला गोठ्यात बोलावलं आणि कौशल्या दाराआड उभी राहिली. चकलांब्याहून म्हाळू आलाय, उघड्या डोक्यानं आलाय, एवढंच त्रिंबकराव बोलला. सुंदररावानं बैलाच्या दाव्याला धरलं. तो म्हणाला, मी जातो. भाऊ म्हणाला, जाऊन काय करशील, माती आतापातूर झाली आसंल. पटकीच्या घरात कुणी मढं ठेवून घेत नाही. तू निघालास तर तुझी बायको विचारील, तिला सांगावं लागेल, तिनं हंबरडा फोडला की देवी उठल्या. उद्या दोरे पडले की आपण सगळेच ऐकू, सगळेच जाऊ.

मग कौशल्या पुढं झाली.

"भावजी, आश्रुबाला तुमीच खांदा दिला व्हता," ती म्हणाली. "छबूकडं बगा. मी तुमच्या पाया पडते."

ती खरंच वाकली. आयुष्यात ती दिरापुढं वाकली नव्हती. आजवर या दिरानं दर भांडणात बायकोची बाजू घेऊन थोरल्या वहिनीशी उभा दावा मांडलेला. त्यानं तिला मध्येच अडवलं, मान हलवली आणि बैलाच्या पाठीवर कपाळ टेकून उभा राहिला. आपलं ऐकलं म्हणून कौशल्याला सुटल्यासारखं झालं. त्या सुटकेची तिला लागलीच शरम वाटली, पण तोवर आधण उतू जायला आलं होतं.

दिवेलागणीला आरती झाली, नैवेद्य दाखवला. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, कथली, काही कमी पडलं नाही. देवींना एकान्त म्हणून माजघराचं दार थोडा वेळ लोटून घेतलं आणि मग पुरुषांची पंगत बसली. सुंदरराव पानावर बसला. चंद्रभागा वाढत होती. नवऱ्यानं पहिलीच पोळी चिवडत ठेवलेली पाहून तिनं विचारलं, जेवत का नाही, अंग मोडून आलंय का? सुंदररावानं भावाकडं पाहिलं, वहिनीकडं पाहिलं.

"वाढ आनखी येक," तो म्हणाला. "तूप घाल वरून."

तिनं हौसेनं वाढली. त्यानं ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली, हात धुतला आणि गोठ्यामागं गेला. तिथं तो किती वेळ ओकत होता ते फक्त कौशल्यानं ऐकलं. ती तांब्याभर पाणी घेऊन गेली, भिंतीपाशी ठेवून परतली. म्हाळूसाठी तिनं पानभर जेवण काढलं आणि गड्याच्या हाती आखाड्यावर धाडलं. गड्याला ताकीद होती की म्हाळूनं काही बोलायला तोंड उघडलं तर कानावर हात ठेवायचा आणि निघून यायचं.

जेवून तृप्त झाल्या की लक्ष्म्यांच्या मुखवट्यांवर कळा चढते म्हणतात. बायका मुद्दाम बघायला जातात. चंद्रभागा समईची वात पुढं सारून दोघींकडं एकटक बघत बसली होती.

"आक्का, औंदा हसल्यावानी दिसत्यात बगा," ती म्हणाली. "माझी वच्छी आसती तर निऱ्या बी नीट बसल्या आसत्या."

कौशल्यानं बघितलं. तिला पितळ दिसलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोरे पडले. पाटावर हळदीकुंकू, सुकामेवा, झेंडूची फुलं, रेशमाचा धागा मांडून चंद्रभागा एकेक गाठ मारत होती. तिची बोटं झरझर चालत, मधूनच ती गाठ डोळ्यांपाशी नेऊन पाही. तिनं छबूच्या गळ्यात बांधला, कौशल्याच्या बांधला, स्वतःच्या बांधला. उरला त्याच्या गाठी तिनं सगळ्यात सावकाश मारल्या. कौशल्या समोर बसून त्या बोटांकडं बघत होती. मेलेल्या पोरीच्या गळ्याचा दोरा आईच्या हातून पुरा होऊ द्यायचा आणि मग तिला सांगायचं, हे आपण ठरवलं, असं तिच्या मनात येत होतं. गाठी संपू नयेत असं तिला वाटत होतं. गाठी संपल्या.

तिनं ओसरीवर नवऱ्याला खूण केली. त्रिंबकरावानं म्हाळूला आणायला माणूस पाठवला.

म्हाळू दोघांच्या खांद्यांवर हात टाकून आला. त्याचा एक पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता आणि पावलाला त्याचं तांबडं मुंडासं गुंडाळलेलं होतं. त्यावर रक्त काळं पडलं होतं. कौशल्याला ते मुंडासं दिसलं. काल तिनं त्याचं डोकं पाहिलं होतं, कुंपणाआडचा पाय पाहिला नव्हता. काहीतरी चुकलंय एवढं तिला कळलं, पण काय ते अजून नीट कळत नव्हतं.

"बोल आता," त्रिंबकराव म्हणाला. सुंदरराव खांबाला टेकून उभा होता, डोळे मिटून.

म्हाळूनं कुंपणाबाहेरूनच हात जोडले. "पाटील, मला परत न्यायला गाडी आली व्हय? बाई पोचल्या का येळंवर? ताईला उतार हाय का?"

कुणाला काही समजेना. तेवढ्यात आवाज ऐकून चंद्रभागा दारात आली. गळ्यात पिवळा दोरा, हातात दुसरा. म्हाळूनं तिच्याकडं पाहिलं आणि त्याचे जोडलेले हात खाली आले.

"बाई, तुमी गेलाच न्हाई?"

मग त्यानं सांगितलं. परवा सकाळपासून वच्छलाताईंना ढाळ-उलट्या लागलेल्या. पोटात पाण्याचा थेंब ठरत नव्हता. पण बोलत होत्या, माणूस ओळखत होत्या. त्यांनीच त्याला बोलावलं आणि म्हणाल्या, म्हाळू, आईला घेऊन ये, आईच्या हातचं पाणी पोटात टिकंल. तो तसाच निघाला आणि रातोरात चालत आला. वाटेत पायात काच गेली, म्हणून मुंडासं सोडून बांधलं. आपण पटकीच्या घरातून आलोय, लेकुरवाळ्या घरात शिरू नये, इथल्या भांड्याला तोंड लावू नये, म्हणून बाहेर उभा राहिला आणि पाणी नको म्हणाला.

"पाटील म्हनले, समजलं आमाला, तू बोलू नको, जाऊन पड, पुढचं आमी बगतो. मला वाटलं, माझ्या आदी कुनी घोड्यावर येऊन खबर दिली. बाई निगाल्या आसतील. मी निवांत पडलो, बाई. मी जेवलो."

चंद्रभागेनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. नवऱ्यापाशी ती थांबली.

"तुमाला ठावं व्हतं?"

"मला वाटलं, ती गेलीच," तो म्हणाला.

"काल तूप मागून घेतलं तुमी," ती म्हणाली. मग ती वळली. "ह्याला कुनी थांबीवलं?"

त्रिंबकराव घसा खाकरत होता. घरच्या वाईट गोष्टीचा धनी व्हायची वेळ आली की तो नेहमीच घसा खाकरायचा.

"मी," कौशल्या म्हणाली. "मला सुतकाचं वाटलं. मी ऐकून घेतलं न्हाई."

मारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. चंद्रभागेनं मारलं नाही, शिवीही दिली नाही. तिनं गळ्यातला दोरा सोडला, कौशल्याचा हात धरून तळव्यावर ठेवला आणि मूठ मिटली.

"तुमच्या लक्ष्म्या जेवल्या, आक्का," ती म्हणाली. "मी माझ्या लेकीला पानी पाजाया जाते."

गाडी जुंपायला सुंदररावाला दोनदा बैल सोडून पुन्हा बांधावे लागले. त्रिंबकराव त्याच्यासोबत पुढं बसला. म्हाळूला मागं कडब्यावर निजवलं. चंद्रभागेनं पाण्याची घागर मांडीत घेतली, ती कुणाला धरू दिली नाही, आणि लेकीचा दोरा पदराच्या टोकाला बांधला. गाडी सडकेला लागेपर्यंत कौशल्या कुंपणापाशी उभी होती. चंद्रभागेनं मागं वळून पाहिलं नाही.

घरात ती आणि छबू उरल्या. छबूचा नवरा गेवराईला बाजाराला गेलेला, तो उद्या येणार होता. छबू भिंतीशी बसून मुसमुसत होती. आपल्यासाठी हे झालं एवढं तिला उमगलं होतं. कौशल्यानं तिला आत जाऊन पडायला सांगितलं आणि लक्ष्म्यांपुढं आली. त्यांना हलवायची वेळ झाली होती. दरवर्षी अक्षता टाकून, पुढच्या साली या म्हणून ती मुखवट्यांवरून हात फिरवायची. आज तिच्या तोंडून ते निघेना. फुलोरा तिनं उतरवला. धाकटीचं लुगडं सोडताना ती वाकडी निरी हाताशी आली आणि तिथं मात्र तिला रडायला आलं, मोकळं, काल परसात सोडलेलं सगळं. पोर जिवंत असताना आपण तिच्यासाठी रडणं दाबलं. त्याच वेळी पोरीला आईच्या हातच्या एका घोटाची आस होती. आश्रुबा गेला तेव्हा देवानं केलं म्हणायला जागा होती. आता तीही नव्हती.

उन्हं उतरली तेव्हा कुत्रं भुंकलं. मळ्याकडच्या पायवाटेनं कुणी तरी येत होतं. गाडीची सडक वेगळी, पायवाट वेगळी. चालत येणारा पायवाटेनंच येणार, त्याची आणि गाडीची गाठ पडलेली नसणार. कौशल्या परसदारात आली. माणूस अनोळखी होता, चकलांब्याच्या बाजूचा पोशाख. तो कुंपणाशी थांबला. डोक्याचं मुंडासं त्यानं काढून काखेत धरलं आणि खाली बघत उभा राहिला.

छबू आतून दाराशी आली. "आत्याबाई," ती घाबरून म्हणाली, "मामंजी येईस्तवर थांबू द्या त्याला. बोलू देऊ नका."

कौशल्यानं तिला आत ढकलून दार ओढून घेतलं. मग ती परस ओलांडून गेली, कुंपणाची झापडी तिनं स्वतः बाजूला केली आणि त्या माणसाच्या समोर, धुळीतच, बसली.

"बोल, बाबा," ती म्हणाली. "मी ऐकते."